पिवळ्या चंद्राचा निकाल

या, पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही भिंत सोडा, ती कुठं जात नाही. आज देवाची कथा नाही, माणसाची आहे, आणि तीही अशा माणसाची की ज्याचं नाव घेतल्यावर चूळ भरावी. पण त्याच कथेत एक भला माणूस आहे, त्याच्यापायी ऐका. सांगून झालं की मी तुमच्याकडं एकच मागणं मागणार आहे. पैशाचं नाही, तेव्हा निवांत बसा.

कीर्तनाला येणाऱ्यांत एक प्रकार असतो, तुम्हीही पाहिला असेल. बुवा रंगात आलेले असतात, टाळ थरारत असतात, बायाबापड्यांचे डोळे भरून आलेले असतात, आणि हे महाशय मागच्या रांगेत शेजाऱ्याच्या कानाला लागून सांगत असतात की पखवाज जरासा उतरलाय, माइक गेल्या वर्षीचा बरा होता आणि बुवांचा फेटा डावीकडं कललाय. देव मंडपात येऊन गेला तरी यांना पत्ता नसतो. यांना फक्त पखवाज भेटतो. मला वाटायचं हे लोक मंडपातच असतात. ज्योतीनगरात वैजनाथरावांच्या गच्चीवर गेलो तेव्हा कळलं, उघड्या आभाळाखालीही असतात.

वैजनाथराव बँकेतून निवृत्त झालेले. शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांचं एक मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष. कुणी निवडले, कधी निवडले, हे विचारायची पद्धत नाही. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मोठ्या आरशाची दुर्बीण उभी असते, पण त्यांची खरी माया दुर्बिणीवर नाही. दुर्बिणीला जिथं आपण डोळा लावतो तिथं एक भिंगांची डबी बसवतात, तिला आयपीस म्हणतात. नळी तीच, आरसा तोच, पण आयपीस बदललं की दृश्य बदलतं. या आयपीसवर वैजनाथरावांचा जीव. काळी पेटी, आत फोम, फोमला खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक रत्न: कुणी अमेरिकन, कुणी जपानी, कुणी जर्मन. सराफानं पाहुण्यापुढं पेटी उघडावी तशी ते उघडत, आणि पाहुण्यानं हात पुढं केला की तशीच मिटत.

हा माणूस रोज आभाळ बघायचा, पण त्याला आभाळातलं काही विचाराल तर शपथ. शनीचं नाव काढा, ते सांगणार की अमक्या आयपीसमध्ये शनी कडेला गेला की किंचित ताणला जातो, तमक्यात ताणला जात नाही. कृत्तिका म्हणजे टाचण्या, कडेपर्यंत टोकदार राहतात की नाही एवढं बघायला टोचून ठेवलेल्या. चंद्र म्हणजे पांढरा रंग तपासायचा कागद. देवानं एवढा पसारा मांडला तो वैजनाथरावांच्या पेटीची परीक्षा व्हावी म्हणून, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

आणि या पेटीला दुसऱ्याचा डोळा लागू द्यायचा नाही. बायकांच्या काजळानं काच खराब होते, पोरांची बोटं चिकट, गडीमाणसं तंबाखूचा श्वास सोडतात. घरची बायकोही त्यातून सुटली नाही. पद्मजावहिनींनी त्या घरात उभा संसार केला, गच्चीवर चहा नेऊन दिला, थंडीत शाल नेऊन दिली, पण एकदाही त्यांच्या डोळ्याला त्या पेटीतलं भिंग लागलं नाही. काजळ घालते ना, म्हणायचे वैजनाथराव, जणू काजळ घालणं हा रोग होता.

त्यांच्यामागं धृपद धरायला हिमांशू. वाळूजच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, हुशार पोरगा, इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी आयपीसबद्दल काय लिहिलंय ते सगळं पाठ. त्याची एक खोड होती. डोळा भिंगापर्यंत पोचायच्या आधीच त्याचं मत तयार असायचं, आणि ते नेमकं वैजनाथरावांचंच असायचं. कीर्तनातला टाळकरीसुद्धा बुवांची ओळ संपेपर्यंत दम धरतो. हा त्याआधीच उचलायचा.

आता भला माणूस. काकासाहेब. पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेले, पदमपुऱ्यात राहायचे, लेकरूबाळ नाही. मी त्यांच्या शेजारी उभं राहून पुष्कळ वेळा टाळ वाजवलाय. गळा त्यांचा बेताचा, पण ताल कधी सोडला नाही. कुठं सप्ताह असला की रिक्षात दुर्बीण आडवी घालून हे हजर. कीर्तन झालं, आरती झाली, प्रसाद वाटला, की देवळाबाहेर दुर्बीण उभी करायचे आणि चंद्र दाखवायचे. कपाळाला बुक्का, हाताला शिऱ्याचं तूप, डोळ्यांत काजळ, सगळ्यांना रांग एकच. प्रत्येकाला एकच वाक्य, "घाई नको माय, तो तुझ्यासाठीच थांबलाय."

एकदा काय झालं, वेरूळच्या पुढच्या एका गावात भागूबाई नावाची म्हातारी रांगेत आली. जाड भिंगांचा चष्मा. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, दिसला बाप्पा, लई ग्वाड दिसला. काकासाहेब खूश. मग त्यांच्या ध्यानात आलं की दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण आपण काढलंच नव्हतं. दुसरा असता तर हसला असता. काकासाहेब त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, हिला याआधीही कधी दिसलेलं नाही, माझं मन मोडू नये म्हणून ती दरवर्षी खोटं बोलत आली. साध्या आयपीसचं छिद्र एवढंसं असतं, डोळा अगदी चिकटवावा लागतो, चष्मा काढावा लागतो, आणि तोवर चंद्र सरकून निघून जातो. मग त्यांनी आयुष्यात एकदाच एक भारी आयपीस घेतलं. रुंद खिडकीसारखं. चष्म्यासकट डोळा लांबूनही ठेवला तरी दिसायचं, आणि चंद्र त्यात सावकाश चालायचा. कडेला तारे टाचणीसारखे आहेत का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसतंय का, तेवढं पाहिलं.

पण त्या गावचा पुढचा सप्ताह यायच्या आधीच हे आयपीस वैजनाथरावांनी तुलनेसाठी म्हणून मागून नेलं. दोन दिवस म्हणाले. परत केलं नाही. काकासाहेबांचा स्वभाव असा की दिलेली वस्तू मागायची त्यांनाच लाज वाटायची. ज्यानं ठेवून घेतली त्याला मात्र वाटत नव्हती. मधल्या काळात काकासाहेब अंथरुणाला खिळले. दुर्बीण त्यांनी त्या वेरूळपुढच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दिली, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या सुलेखाताईंना. तिथं सप्ताहालाही आणि बुद्धपौर्णिमेला विहारापुढंही ते दरवर्षी दुर्बीण नेत, म्हणून त्यांची ओळख. सुलेखाताईंना आणि मला पुढ्यात बसवून म्हणाले, भिंग वैजनाथरावांकडं आहे, तेवढं आणा, नाहीतर भागूबाई पुन्हा खोटं बोलेल. श्रावणात गेले.

गावचा सप्ताह कोजागरीला संपायचा होता. सुलेखाताईंनी गावाला शब्द दिला होता की यंदाही कीर्तनानंतर काकासाहेबांचा चंद्र दिसेल. दुर्बीण होती, जुनं साधं आयपीस होतं, पण ते भिंग नव्हतं. त्यांनी वैजनाथरावांना फोन केला. तिकडून उत्तर आलं ते ऐकण्यासारखं होतं. म्हणे, पौर्णिमेचा चंद्र बघायला आयपीस कशाला लागतं मॅडम, तो डोळे मिटले तरी दिसतो. मग म्हणे, मंडळ दसऱ्याला संध्याकाळी रीतसर तुलना करेल. भिंग अव्वल ठरलं तर ते जाणकारांच्या हाती राहिलं पाहिजे, ती मंडळाची जबाबदारी. साधारण ठरलं तर खुशाल न्या, पोरांना खेळायला.

आतली गोष्ट वेगळी होती. तशाच बनावटीचं, त्याच क्रमांकाचं एक आयपीस वैजनाथरावांच्या पेटीत आधीपासून होतं, आणि ते त्यांचं लाडकं. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी एकदम बघायचं होतं. त्यासाठी दुर्बिणीला एक फाटा लावतात आणि त्यात अगदी सारखी दोन आयपीस लागतात. जोडी जुळवायला दुसरं हवं होतं आणि ते आयतं घरात येऊन पडलं होतं. एका माणसाला दोन डोळ्यांनी बघता यावं म्हणून सगळ्या गावाचा एक डोळा काढून घ्यायचा, आणि त्याला नाव द्यायचं तुलना.

दसऱ्याच्या सकाळी घरोघर शस्त्रं पुजतात. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा. वैजनाथरावांनी पाटावर पेटी उघडून ठेवली. प्रत्येक आयपीसवर टोपण. पद्मजावहिनींना ताकीद दिली की अक्षता आणि फूल लांबून टाक, हळदकुंकवाचं बोट एकालाही लावायचं नाही. शेवटी काकासाहेबांचं आयपीस तसंच उघडं पडलं होतं, त्याचं टोपण कधीच हरवलेलं. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, याचं काय हवं ते कर, आणि ते अंघोळीला गेले.

वहिनींनी त्याला हातात घेतलं. त्यांना ते ओळखीचं होतं. गणपतीत एकदा देवळाबाहेर काकासाहेबांनी याच भिंगातून त्यांना चंद्र दाखवला होता, काजळासकट. त्यांनी पाण्यात हळद कालवली आणि देवाच्या कपाळाला लावावं तसं भिंगाच्या काचेला बोट लावलं. त्यांच्या लेखी काच हाच त्याचा चेहरा. काचेभोवतीच्या रबराच्या कडेला कुंकू लावलं, चांगलं भरपूर. नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत हळद वाळून काचेवर पातळ साय धरली.

संध्याकाळी सुलेखाताई बुद्धलेणीवरच्या कार्यक्रमाहून परस्पर आल्या. पांढरीशुभ्र साडी. मी कोपऱ्यावर उभा होतोच. गच्चीवर चढलो तर मंडळाचे पाचसहा जण जमलेले, दशमीचा चंद्र वर आलेला आणि वैजनाथराव हातात रुमाल घेऊन उभे, जणू कुणाची शस्त्रक्रिया आहे. गच्चीवर पांढरा दिवा लावायचा नाही हा त्यांचा नियम. अंधाराला सरावलेली नजर बिघडते म्हणून फक्त लाल कागद लावलेली बॅटरी. ती माझ्या हाती दिली. सुलेखाताईंना टाकीशेजारच्या खुर्चीवर बसवलं. बघायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं, तर आधी परीक्षा मग प्रसाद, असं म्हणाले. प्रसाद काही निघाला नाही.

वैजनाथरावांनी काकासाहेबांचं आयपीस उचललं, मला बॅटरी धरायला सांगितलं, काच वरखाली करून पाहिली आणि जाहीर केलं की काच स्वच्छ आहे. खरंच स्वच्छ दिसत होती. लाल उजेडात कुंकू आणि कातडी एकाच रंगाची होतात, रबराच्या कडेकडं कुणी पाहिलंच नाही, आणि काचेवरची हळद तर आहे की नाही हेच कळत नाही. उजेड धरणारा मीच होतो, मलाही दिसली नाही. पण निकाल द्यायला मी बसलो नव्हतो.

आधी आपलं लाडकं लावलं. चंद्र पाहिला, मान डोलावली, हिमांशूनं पाहायच्या आधीच मान डोलावली. म्हणाले, दूध. शुभ्र दूध. मग काकासाहेबांचं लावलं, डोळा रबराला चांगला दाबला, कारण बाजूचा उजेड येऊ द्यायचा नाही ही जाणकारांची रीत. बराच वेळ डोळा तिथंच ठेवला.

त्या वेळात त्यांच्या मनात काय झालं असेल ते मी तुम्हाला सांगतो. एका बाजूला लोभ होता: अव्वल म्हण आणि ठेवून घे. दुसऱ्या बाजूला मिजास होती: मला दिसलेला दोष मी बोलणार नाही तर कोण बोलणार. अशा माणसात लोभापेक्षा मिजास मोठी असते. लोभ चोरून खायला तयार असतो, मिजाशीला टाळ्या लागतात. आणि गच्चीवर पाचसहा जण बसले होते.

डोळा काढून ते म्हणाले, "पिवळं. सरळसरळ पिवळं. हा चंद्र आहे की वरण?"

हिमांशू पुढं झाला, डोळा दाबला, आणि लगेच म्हणाला की हो सर, पिवळेपणा आहेच, शिवाय चंद्राभोवती धुकं पसरतं, कॉन्ट्रास्ट गेलेला आहे. मंडळींपैकी एकानं भीत भीत विचारलं की बनावट तर दोन्हींची एकच, क्रमांकही तोच, मग असं कसं. वैजनाथरावांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. लॉट वेगळा, म्हणाले. जुन्या लॉटची काच अशीच यायची, कानाला सवय झाली की तंबोरा कळतो तशी डोळ्याला सवय झाली की काच कळते. तंबोऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून मला तंबोऱ्याची कीव आली.

मग निकाल. उभ्यानंच, पडदा लाल केलेल्या मोबाइलवर बोलून टाइप केला आणि पुण्याच्या, नाशिकच्या, कुठल्या कुठल्या ग्रुपवर पाठवून दिला. जुन्या लॉटचं आयपीस, काच मूळचीच पिवळसर, मवाळ, गंभीर निरीक्षणाला निरुपयोगी, घेणाऱ्यांनी सावध राहावं. लगेच अंगठे यायला लागले. कौतुकाची फुलं, नमस्काराचे हात. वैजनाथराव एकेक वाचून दाखवत होते. ज्या माणसाचं भिंग, त्याला जाऊन उणेपुरे दोन महिने झाले होते, त्याचं नाव त्या निकालात नव्हतं. बरंच झालं.

भिंग सुलेखाताईंच्या हाती दिलं, द्यायचं म्हणजे काय, मांजराचं पिल्लू मानेला धरून द्यावं तसं. शाळेला हे पुरे, म्हणाले. सुलेखाताईंनी ते पदरात गुंडाळलं आणि आम्ही सगळे खाली उतरलो, कारण खाली सोनं द्यायला लोक यायला लागले होते.

बैठकीत ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. दारात शेजारचे दोघंतिघं आपट्याची पानं घेऊन उभे. वैजनाथराव हात जोडून पुढं झाले आणि ते लोक जागीच थांबले. वैजनाथरावांच्या उजव्या डोळ्याभोवती कुंकवाचं लालभडक कडं उमटलं होतं, बांगडी ठेवून आखल्यासारखं. त्यांच्या मागं हिमांशू. त्याच्या डोळ्याभोवतीही तसंच. गोंधळाला निघालेल्या जोडीसारखे दोघं दिसत होते, फक्त संबळ कमी होती.

एका शेजाऱ्यानं विचारलं की डोळ्याला काही लागलं का. वैजनाथरावांनी हात फिरवला, बोट लाल झालं, आणि क्षणभरही न थांबता म्हणाले की सकाळचा टिळा घामानं ओघळला. कपाळावरचा टिळा खाली येतो, डोळ्याभोवती गोल फिरतो आणि निघाला तिथंच परत पोचतो, हे शास्त्र मला त्या दिवशी कळलं. हिमांशूनं तर टिळा लावलाच नव्हता.

तेवढ्यात सुलेखाताईंनी पदर उलगडला. पांढऱ्या पदरावर पिवळा गोल. त्यांनी काच दिव्याकडं धरली, पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. मी समोरच होतो. मला जे कळलं ते त्यांनाही कळलं होतं. गप्प राहिलं तर भिंग आपलं. आता फक्त चपला घालायच्या आणि फाटकाबाहेर पडायचं. बोललं तर हा माणूस काच पुसणार, पुन्हा वर जाणार, आणि कोजागरीला भागूबाई पुन्हा खोटं बोलणार. मी डोळ्यांनी त्यांना दाराकडं खुणावलंसुद्धा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वैजनाथरावांकडं वळल्या.

"सर, ह्याला हळद लागलीय. काच पिवळी नाही."

वैजनाथरावांच्या हातातला मोबाइल टुंग टुंग वाजत होता, आणखी नमस्कार येत होते.

"मॅडम, काच मी स्वतः तपासली."

"लाल उजेडात, सर."

हिमांशूनं मध्ये तोंड घातलं की जुन्या भिंगांवरचा थर झिजून कधी कधी पिवळा कपड्याला लागतो, त्यानं वाचलंय. कुठं वाचलं ते सांगितलं नाही. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून पद्मजावहिनी पुढं आल्या. हातात चहाचा ट्रे होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"अहो, सकाळी बोट मीच लावलंय. त्याला टोपण नव्हतं."

"तुला काचेतलं काय कळतं?"

"काचेतलं नाही कळत. हळदीतलं कळतं."

आता पाहा. या माणसापुढं देवानं सगळं मांडून ठेवलं होतं. पदरावर हळद, डोळ्याभोवती कुंकू, बायकोची साक्ष, आणि जिला गप्प राहण्यात फायदा होता तिची साक्ष. नुसतं 'असेल बुवा' म्हटलं असतं, काच पुसली असती, तर जोडी जुळली असती, दोन्ही डोळ्यांनी चंद्र बघत बसला असता. हवी होती ती वस्तू हातभर अंतरावर होती. पण ती घ्यायची तर आधी कबूल करायला हवं होतं की आपण संध्याकाळभर हळदीतून चंद्र पाहिला आणि काचेच्या कुळाचा निकाल दिला, आणि तो निकाल पुण्यानाशिकपर्यंत पोचलाय. मोबाइल पुन्हा वाजला. त्यांनी तो वाचला. मग मान ताठ केली, कुंकवाच्या कड्यासकट, आणि म्हणाले:

"हळद असेलही. हळदीखाली काच पिवळीच आहे."

हिमांशू म्हणाला, एक्झॅक्टली सर.

शेजाऱ्यांनी आपट्याची पानं टेबलावर ठेवली आणि निघाले. फाटकाबाहेर गेल्यावर त्यांचं हसू ऐकू आलं. वैजनाथरावांनी खिडकी लावून घेतली.

वहिनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. सुलेखाताईंच्या हाती आपट्याचं पान दिलं, पदराकडं पाहून म्हणाल्या की डाग उन्हात घाला, हळद उन्हाला घाबरते. मग विचारलं की कोजागरीला गावात कुठून गाडी मिळते.

कोजागरीला मी गेलो होतो. कीर्तन फार गोड झालं. माइक खरखरत होता, पखवाज खरंच उतरलेला होता, आणि काल्याच्या अभंगाला सगळा मंडप रडत होता. मग शाळेच्या मैदानात दुर्बीण उभी राहिली. काच सुलेखाताईंनी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं पुसून घेतली होती. वैजनाथरावांच्या लाडक्यात जसा होता तसाच चंद्र, दुधासारखा. फक्त काचेच्या अगदी कडेला, धातूच्या खाचेत, हळदीची एक बारीक रेघ राहिली होती. ती त्यांनी मुद्दाम खरवडली नाही.

रांगेत कपाळाला बुक्का होता, हाताला तूप होतं, डोळ्यांत काजळ होतं. वहिनी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाते असं सांगून आल्या होत्या, आणि दर्शन घेऊनच आल्या होत्या, खोटं नको म्हणून. त्यांनी चांगलं ठसठशीत काजळ घातलं होतं. डोळा लावून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्यांनी घसे खाकरले. कुणी त्यांना हटवलं नाही. सुलेखाताईंनी नंतर रबरावरचं काजळ पुसलं आणि पुढच्याला बोलावलं.

भागूबाईची पाळी आली. झाकण काढलेलं आहे ना ते मी स्वतः जाऊन पाहिलं. म्हातारीनं सवयीनं डोळा लावायच्या आधीच तोंड उघडलं होतं, दिसला बाप्पा म्हणायला. पण चष्म्यासकट वाकून ती तशीच राहिली. मग सावकाश म्हणाली:

"व्हय गं बाई, ह्याच्यावर खड्डे हायेत. आन् हा चालतोय. काकासायेब दरवर्षी सांगायचे चालतोय म्हून, मी नुस्तं व्हय म्हनायची."

सुलेखाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काकासाहेबांचंच वाक्य म्हटलं, घाई नको माय, तो तुझ्यासाठीच थांबलाय.

तिकडं ज्योतीनगरात वैजनाथराव अजून एकाच डोळ्यानं बघतात. त्यांच्या लाडक्याची जोडी जुळली नाही. त्या लॉटपासून सावध राहा, असं ते अजून लिहितात, हिमांशू त्याखाली अंगठा दाबतो, आणि या जगात कुणाचं काही अडत नाही.

तर माझं मागणं आता ऐका. घरी जाताना वर पाहाल तेव्हा चंद्र असला तर चंद्राकडं, नसला तर जे काही असेल त्याकडं बघून एकदा काकासाहेबांची आठवण काढा. कडेला कोण उभं आहे ते बघणारा माणूस होता. वैजनाथरावांची नाही काढली तरी चालेल, ती ते स्वतः रोज काढतात.